द्वारकीचा निळा हात

चौथीत असताना मी सहा महिने मंत्री होते, आणि त्या सहा महिन्यांत माझ्याइतकी तोऱ्यात वागणारी बाई अख्ख्या चिखली तालुक्यात नसेल. आमच्या शाळेत बाईंनी पोरांचं मंत्रिमंडळ केलं होतं. पाणीमंत्री होता, बागमंत्री होता, आणि मी आरोग्यमंत्री. पुठ्ठ्याचा गोल बिल्ला कातरून त्यावर बाईंनी लाल शाईनं ते अक्षर न् अक्षर सुबक लिहून दिलं होतं. मी तो झोपतानाही काढत नसे. काम एकच. रोज सकाळी प्रार्थना झाली की सगळी पोरं रांगेत हात पुढं करून उभी राहायची आणि मी कडुलिंबाची काडी घेऊन त्यांची नखं तपासत हिंडायची. नखात मळ दिसला की काडीनं बोट उचलायचं, सगळ्यांना दाखवायचं आणि त्या पोराला रांगेतून काढून रांजणापाशी पाठवायचं. तिथं राख ठेवलेली असे आणि गिलक्याची जाळी असे. वाळलेल्या गिलक्याच्या त्या जाळ्या मी आमच्या मळ्यातून आणून शाळेला भेट दिल्या होत्या. त्याबद्दल गुरुजींनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, म्हणजे मग काय विचारता.

आमचं गाव उंद्रीच्या बाजूला. घर भाजीपाला पिकवणारं. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, गिलकी, दोडकी, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी अंगणात पसरलेल्या पालेभाजीचा ओला वास. पहाटे जाग यायची ती मोटेच्या चाकाच्या कुरकुरीनं. त्या कुरकुरीत बाबांचा बैलांशी चाललेला संवाद मिसळलेला असायचा. बाबा बैलांशी जितक्या मायेनं बोलायचे तितक्या मायेनं माणसांशी बोलायला त्यांना लाज वाटायची. मला मात्र ते सोडत नसत. संध्याकाळी मळ्यातून आले की चिखलानं भरलेले हात माझ्यापुढं धरायचे. "मंत्रीणबाई, पाहा बरं माहे हात. पास का नापास?"

"नापास!"

"मंग आज जेवन नाई का मले?"

माय चुलीपाशी बसून हसायची. तव्यावर भाकर फुगलेली, बाजूला वांग्याची भाजी रटरटत असलेली, आणि ओसरीला लागून असलेल्या खोलीतून बाईंचा आवाज यायचा, "नाही हो भाऊ, मंत्र्यांच्या घरच्यांना सवलत नाही!" बाई आमच्याकडंच राहायच्या. माहेर मलकापूरचं, यजमानही तिकडंच रेल्वेत नोकरीला. महिन्यातून दोनदा त्या मलकापूरला जायच्या, उरलेले दिवस आमच्या घरी जेवायच्या. वय असेल पंचवीस-सव्वीस. ट्रेनिंगमध्ये त्यांची भाषा धुऊन पुसून स्वच्छ झाली होती, पण राग आला किंवा जिवाला लागलं की आतलं मलकापूर बाहेर यायचं. मी त्यांच्यामागं सावलीसारखी असायचे. त्यांच्यासारखा पदर, त्यांच्यासारखं मान वाकडी करून ऐकणं, सगळं उचललं होतं. ऐकणं सोडून, असं आता म्हणायला हवं.

शाळा म्हणजे एक लांब खोली आणि एक पडवी. पहिली-दुसरी बाईंकडं, तिसरी-चौथी गुरुजींकडं. मधल्या सुट्टीत दूध मिळायचं, भुकटीचं. ते दूध सखूबाई मोठ्या पातेल्यात उकळायची आणि रोज थोडं लागायचंच. त्या जळक्या दुधाची चव माझ्या जिभेवर अजून आहे. माझी नात पुण्यात कसल्या कसल्या चवीचं दूध पिते आणि अर्धा पेला ठेवून देते. तिला मी हे सांगितलं तर ती नाक मुरडते. आम्ही पातेलं खरवडायला भांडायचो. एकदा ते पातेलं उतरवताना सखूबाईच्या मनगटावर दूध सांडलं होतं. तेव्हा आमच्याकडं भाजलं की शाई लावायची, गार पडतं म्हणायचे. आरोग्यमंत्री या नात्यानं मीच धावत जाऊन चौथीच्या वर्गातली दौत आणली होती आणि सखूबाईचं मनगट निळंशार करून टाकलं होतं. सगळी पोरं गोल करून पाहत होती.

द्वारकी दुसरीत होती. बारीक चणीची, बसल्या जागी कोणाच्या लक्षात येणार नाही अशी. तिच्या वडिलांचं, नारायणभाऊंचं, गावापासून लांब वावर होतं आणि घरही वावरातच. तीन माणसांचं घर. नारायणभाऊ, त्यांची बायको आणि ही. ती पायवाटेनं एकटी यायची, एकटी जायची. दिवाळीनंतर ती उशिरा यायला लागली, केस पिंजारलेले, परकराला राख. मी तिला दोन-तीनदा नापास केलं होतं आणि तीही मुकाट्यानं रांजणापाशी जाऊन हात धुऊन आली होती. मला वाटायचं, पोरगी गबाळी आहे.

तो शनिवार होता. बाई आत दुधाच्या भुकटीचं माप काढत होत्या. आठवडाभर प्रार्थना संपल्यावरच येणारी द्वारकी त्या दिवशी रांगेत होती; तिच्यापाशी आले तर तिनं डावा हात पुढं केला.

"दुसरा," मी म्हटलं.

ती हलली नाही.

"दुसरा हात काऊन लपवून राह्यली वं?"

मी तिचा हात पाठीमागून ओढून काढला. तळवा निळा होता. अंगठ्याच्या मुळापासून बोटांपर्यंत वाळलेली, भेगाळलेली शाई. मला आधी आश्चर्य वाटलं आणि मग राग आला. शाई चौथीची. दुसरीच्या पोरांना पाटी आणि पेन्सिल. "दुसरीतली पोरगी तू, तुह्यापाशी शाई कुठून आली? आमच्या दौतीत हात घातला ना?" रांगेतली पोरं हसली. मंत्र्याला एवढं पुरतं. मी तिला दंडाला धरून रांजणापाशी नेलं, राख घेतली, गिलक्याची जाळी घेतली आणि तिचा तळवा स्वतः घासायला बसले. जोर लावून घासला. ती ओठ आत ओढून माझ्याकडं बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नाही. निळं पाणी खाली गेलं, मग जाळीत काहीतरी पांढरं अडकलं, मग गुलाबी दिसायला लागलं. मला वाटलं, मळाचे थर निघतायत. "पाह्य, कसा चकाचक झाला," असंसुद्धा म्हणाले मी. हे वाक्य लिहिताना आज सत्तरी उलटून गेली तरी माझे कान तापतात.

सोमवारी द्वारकी आली नाही. मंगळवारीही नाही. हजेरी घेताना बाईंनी तिच्या नावापाशी थांबून माझ्या वर्गाकडं नजर टाकली. मी मान खाली घातली. का घातली, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. जाळीत अडकलेलं ते पांढरं मला दोन दिवस दिसत होतं, एवढं खरं. मंगळवारी संध्याकाळी मायनं भाकर थापायला घेतली. एक भाकर उलटताना वाफ तिच्या बोटाला लागली आणि तिनं "अयाई" म्हणून हात झटकला. ते मी पाहिलं. समोरचं ताट तसंच ठेवून मी ओसरीवर बाईंपाशी जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाईंनी मधे एकच विचारलं. "शाई कुठं होती? बोटांच्या टोकांना का तळव्याला?"

"तळव्याले. आन् घासली तं सालं निघाली बाई. मले वाटलं मळ निघून राह्यला."

बाई हळूच म्हणाल्या, "निमे, सखूबाईला भाजलं तेव्हा दौत कोणी आणली होती?"

"मी."

माझं मलाच ऐकू आलं आणि मी भोकाड पसरलं. माय चुलीपासून उठून आली. ऐकून तिनं माझ्यावर हात उगारला. बाईंनी तो वरच्यावर धरला. "मारू नका वहिनी. काडी मी दिली तिच्या हातात. मी दहा पावलांवर होते आणि मला कळलं नाही." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला मार खाल्लेला परवडला असता.

बाबा तोवर आले होते. नारायणभाऊंची बायको बाळंतपणाला माहेरी गेल्याचं त्यांनी ऐकलं होतं, पण भांडून गेली असंही लोक कुजबुजत होते. "म्हंजे एवढीशी पोरगी रांधून राह्यली घरी?" बाबा म्हणाले. "सकाळीच सरपंचाले सांगतो. चार लोकायत बोलावून विचारू त्याले."

"नका भाऊ," बाई म्हणाल्या. "चारचौघांत त्यांना खाली पाहायला लावलं तर ते पोरीला शाळेतूनच काढतील. मग तो हात आपल्याला कधीच दिसायचा नाही. मी जाते. आणि ही येईल माझ्यासोबत."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. वाटेत दोन्हीकडं पऱ्हाटी उभी होती, कापूस वेचून झालेला. बाईंच्या पिशवीत खोबरेल तेल आणि मायच्या जुन्या लुगड्याचं धुतलेलं मऊ फडकं. मी मागून चालले होते आणि माझे पाय मागं ओढत होते. बिल्ला मी घरीच ठेवला होता. नारायणभाऊ अंगणात बैलांना कडबा टाकत होते. बाईंना पाहून गडबडले, खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"बाई? इकडं कुठं?"

"हजेरीपटात द्वारकीची जन्मतारीख लिहायची राहिली होती," बाई म्हणाल्या.

"ते कोणाले माहीत? तिच्या मायले असंन माहीत," ते बोलून गेले आणि एकदम थांबले. "तिची माय घरी नाई सध्या."

घरात द्वारकी चुलीपुढं होती. डाव्या हातानं भाकर थापत होती, उजवा परकरात. चुलीत पऱ्हाटीच्या काड्या धुरकटत होत्या. बाई आत गेल्या, पदर खोचला आणि तिच्या शेजारी बसल्या. "सरक गं थोडी," म्हणाल्या आणि पीठ स्वतःकडं ओढलं. नारायणभाऊ दारात ओशाळून उभे. "बाई, तुमी कायले…" पण बाई भाकर थापत राहिल्या. दोन भाकरी झाल्या. तिसरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "नारायणभाऊ, जन्मतारखेचं मी उगाच सांगितलं. शनिवारी शाळेत आमच्या हातून द्वारकीला इजा झाली. तिची आणि तुमची माफी मागायला आले."

मी पुढं झाले. शब्द ठरवून आले होते, ते सगळे पळाले. "मी घासला तिचा हात," एवढंच जमलं.

"कोनता हात?" नारायणभाऊ म्हणाले. "द्वारके, इकडं ये. दाखव हात."

तिनं डावा हात पुढं केला.

"दुसरा."

तिनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान हलवली. तिनं परकरातून हात काढला आणि उघडला. नारायणभाऊंनी तो मनगटाला धरून दारातल्या उजेडात नेला. तिथं काय होतं ते मी लिहिणार नाही. मी ते पाहिलं, तेवढं पुरे.

"मले वाटे शाई हाय," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "दिवसभर मी वावरात. जेवाले वाढे तवा दुरूनच दिसे मले, निळा निळा हात. मी म्हनो, पोरगी लय लिहून राह्यली. बाजारात लोकायले सांगतलं मी, माही द्वारकी हात भरेस्तोवर लिहिते म्हून."

दुसरीत नुसती पाटी असते, हे त्यांना कोण सांगणार? ते स्वतः शाळेत गेलेच नव्हते. एकाच हातावरची शाई आम्ही दोघांनी पाहिली होती. मी चोरी म्हणाले आणि ते विद्या म्हणाले. पोरगी कोणाला दिसलीच नव्हती. नारायणभाऊ उंबऱ्यावर बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडायला लागले. मोठा माणूस रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आणि द्वारकी त्यांच्या गुडघ्याशी उभी राहून सारखी म्हणत होती, "दुखत नाई, बाबा. खरंच दुखत नाई. दुखत नाई."

हे ऐकून बाईंनी तव्यावरची भाकर जळू दिली.

मग बाईंनी ठरवलं ते असं. द्वारकीनं आमच्या घरी राहायचं, तिथूनच शाळेत जायचं. नारायणभाऊंनी सकाळी मळ्यावरून आमच्या घरची भाकर न्यायची. "लोकं काय म्हनतीन?" त्यांनी विचारलं. "लोकांना सांगा, बाईंनी अभ्यासाला ठेवून घेतली," बाई म्हणाल्या. खोटं बोलू नये असं आम्हाला रोज शिकवणाऱ्या बाई त्या संध्याकाळी दोनदा खोटं बोलल्या. पहिलं त्यांनी मागं घेतलं, दुसरं शेवटपर्यंत निभावलं. माझ्या मते त्या दोन्ही वेळा बरोबर होत्या.

बाबा तिला बैलगाडीत घालून उंद्रीला डॉक्टरकडं नेऊन आणायचे. हात हळूहळू भरत आला. पण पोरगी काही आमच्या घरात मोकळी झाली नाही. खाल्लेलं ताट उचलून ठेवायची, मायच्या आधी उठून डाव्या हातानं झाडू मारायला लागायची, आणि कोणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, दुखत नाई, भूक नाई, नको. मी तिच्यापुढं माझी सगळी इस्टेट मांडली, चिंचोके, मोराचं पीस, बिल्लासुद्धा. तिनं बिल्ल्याला हात लावला नाही. एकदा मळ्यात गिलक्याच्या वेलाखाली बसलो असताना मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी तू वरडली काऊन नाई वं?"

"वरडली असती तं बाई आल्या असत्या."

"मंग?"

"मंग त्यायनं विचारलं असतं. मंग माय नाई, हे सांगा लागलं असतं. बाबानं शपथ घातली होती."

गिलक्याचा वेल तिकडं आहे म्हणावं, इतक्या साधेपणानं तिनं हे सांगितलं. मी ते तसंच्या तसं बाईंना जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून रांगेतली तपासणी बंद झाली. बाई सकाळी दारात बसायच्या आणि एकेका पोराला जवळ घेऊन, हात हातात धरून विचारायच्या, "आज काय खाल्लं?" एवढंच. त्या एका प्रश्नातून त्यांना काय काय कळायचं! कोणाची माय आजारी, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण कालपासून मामाकडं राहतोय. पुढं मी शिकवायला लागले तेव्हा दुसरं काही जमो न जमो, हा प्रश्न मी निवृत्त होईपर्यंत रोज विचारला. आता शाळांमध्ये तक्रारपेट्या असतात, समित्या असतात, आणि असाव्यातच. पण शपथ घातलेलं लेकरू पेटीत चिठ्ठी टाकत नाही, हे मी पेटी लावणाऱ्यांना दरवेळी सांगायची. ते मान डोलवायचे आणि चहा मागवायचे.

नारायणभाऊ नंतर स्वतः गाडी जुंपून हिवरा आश्रमाच्या बाजूला सासुरवाडीला गेले, चार शब्द ऐकून घेतले आणि बायकोला आणि तान्ह्या पोरीला घेऊन आले. तेही सांगण्यासारखं आहे. पण मला थांबायचं आहे ते त्याच्या आधीच्या एका रविवारी.

सकाळची वेळ. मायनं आम्हा दोघींना न्हाऊ घातलं होतं आणि अंगणात द्वारकीला पुढ्यात घेऊन ती तिचे केस विंचरायला बसली होती. आमच्याकडं आल्यापासूनही तिनं केसांना कोणाला हात लावू दिला नव्हता; कित्येक आठवडे फणी न लागलेले केस, नुसत्या गाठी. माय तेल चोपडून एकेक गाठ सोडवत होती. मी बाजूला मिरच्यांचे देठ खुडत होते. द्वारकी नेहमीसारखी ताठ, ओठ आत ओढून बसलेली. आणि एका जटेत फणी अडकली, मायनं जरा जोरात ओढली.

"अयाई! दुखते ना वं मावशे! हळू ना!"

केवढ्यानं ओरडली! मळ्यात पाणी धरणाऱ्या बाबांनी वळून पाहिलं. मायचा हात तसाच थांबला. "दुखलं का वं लेकी?" तिनं विचारलं.

"हाव! लय दुखलं! लय दुखते!" आणि द्वारकी रडायला लागली. आधी केसांसाठी, मग हात वर करून हातासाठी, मग "माय पायजे" म्हणून. बाई खोलीतून धावत बाहेर आल्या. हातात टाक तसाच होता. पायरीवर थबकून त्यांनी पाहिलं, काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या तिथंच मटकन खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. त्यांची ती ट्रेनिंगची स्वच्छ भाषा कुठल्या कुठं गेली.

"वरड द्वारके," त्या म्हणाल्या. "लय वरड. आमी हावो ना इथं."

द्वारकी मग खूप वेळ ओरडत राहिली. माय फणी हातात धरून बसून होती, आणि गप्प बस असं तिला कोणी म्हणालं नाही.